मीठा बिलकुल बंद!

तिघं शुगरवाले सकाळी फिरायला निघाले की चालणं थोडं, बोलणंच फार. शुगर उतरते की नाही देव जाणे, किस्से मात्र चढतच जातात! देवासच्या टेकडीखालच्या आमच्या बाकावर तर आता नव्या किश्शाला टेकायलाही जागा उरलेली नाही.

*

आमच्यातले दत्तूभिया. त्यांचा सगळा जीव बाफल्यात, म्हणजे तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यात. डाएटवाल्या मॅडम म्हणाल्या, "जेवणात दोनच पोळ्या."

"चालेल. बाफला गव्हाचाच ना, मॅडम?"

"हो."

"मग दोन बाफले! लाटायचे राहिले, एवढंच समजा."

*

मीही काही कमी नाही. पुण्याहून लेक रोज व्हिडिओ कॉलवर विचारते, "आई, सॅलड?" मी काकडी दाखवते. परवा म्हणाली, "सोमवारीही हीच होती. आता हिचं बारसं तरी करून टाक!"

*

तिसरे नाना, पीथमपूरच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांना शुगर निघाली तेव्हा डॉक्टर त्यांच्या बायकोला, आमच्या सुमावहिनींना म्हणाले, "इनका मीठा बिलकुल बंद!"

वहिनींचं माहेर जुन्या वळणाचं मराठी, हिंदी कामापुरती. त्यांनी ऐकलं 'मीठ'! झालं, वरण अळणी, भाजी अळणी. चहात मात्र साखर दोन चमचे! पुढच्या तपासणीला डॉक्टर भडकले, "मीठा बंद नहीं किया?"

वहिनी ठसक्यात म्हणाल्या, "चिमटीभर भी नहीं डाला, साहेब!"

आम्ही हसून बेजार. "नाना, तुम्हाला तर हिंदी येते, बोलला का नाहीत?"

"चहा गोड मिळत होता ना!" म्हणाले. मग हळूच, "आणि तीही माझ्याबरोबर अळणीच खात होती हो."

*

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. फार आठवण येते त्यांची. नाना तर गोळी घ्यायचे आणि दोन घास खाऊन ताटावरून उठायचे. एका सकाळी फिरताना घाम फुटला, मटकन खाली बसले. शुगर घसरली! दत्तूभिया धावत जाऊन पोहेवाल्याकडून जलेबी घेऊन आले. एक नानांच्या तोंडात, बाकीच्या स्वतःच्या.

"अहो, तुम्ही का?"

"घाबरून माझीही घसरली!"

*

डॉक्टरांनी बजावलं, गोळी घेऊन जेवले नाहीत तर जिवावर बेतेल. नानांची सून रितू धामनोदची, हिंदी शाळेत शिकलेली. बिचारी कंबर कसून लागली. ज्वारीची भाकरी, मूग, मेथी, सगळं शुगरला चालेलसं. नाना नुसते भाकरी कुस्करत बसायचे.

परवा मी तिथेच होते. रितू रडकुंडीला आली. "बाबा, काय बनवू ते तरी सांगा ना!"

नानांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "दुधी भोपळ्यात मीठ घातलंस?"

"अजून नाही. गॅसवरच आहे."

"मग माझ्यापुरता तसाच काढ."

"पण बाबा, डॉक्टरने मीठा मना केला होता, मीठ नाही!"

"माहीत आहे गं," नाना ताट पुढे सरकवत म्हणाले. "वाढ."