न गेलेलीचा सत्कार

आयुष्यात माझे दोन सत्कार झाले, आणि दोन्ही एका न झालेल्या प्रवासासाठी. पहिल्या वेळी मी आनंदाने फुगले होते. दुसऱ्या वेळी गळ्यातला हार कधी एकदा काढते असं झालं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हाची ही गोष्ट. आई-बाबा, धाकटी बहीण आणि मी काळाचौकीच्या एका चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि मी परळच्या इस्पितळात नर्स. अमेरिकेतल्या एका इस्पितळाने मला काम करता करता शिकायला बोलावलं. त्यासाठी एक्स्चेंज व्हिजिटर नावाचा व्हिसा लागायचा. म्हणजे या, शिका आणि मुकाट आपल्या देशी परत जा. व्हिसाचा अर्ज अजून भरायचा होता, पण आमच्या चाळीला एवढा दम कुठला! बोलावण्याचं पत्र आलं आणि मंडळाच्या चिटणिसांनी गणपती बसतो तिथे स्टेज बांधलं. नारळ, हार, भाषण सगळं झालं. बायकांनी ओटी भरली, पापड आणि आमसुलं बांधून दिली. आई कानाशी पुटपुटली, "बाजारात तुरी नि भट भटणीला मारी." बाबा मात्र परीटघडीचं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले होते. मीही मोठ्या ऐटीत दोन शब्द बोलले. काय बोलले ते आठवतं, पण सांगणार नाही.

मग चारित्र्याच्या दाखल्यासाठी साध्या वेशातला पोलीस चौकशीला आला. बाबा चळवळीच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते. त्याने त्याबद्दल चार प्रश्न विचारले, चहा प्याला आणि गेला. दाखला बिनबोभाट मिळाला. तो मी पाहिला. चाळीने पाहिला तो फक्त पोलीस.

अडलं भलतीकडेच. वकिलातीने नेमलेल्या फोर्टातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तर उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक जुना, भरून आलेला व्रण निघाला. क्षयाचा. डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, आता काही नाही, पण काही महिने थांबून पुन्हा फोटो काढावा लागेल. अमेरिकेतलं इस्पितळ तेवढं थांबायला तयार नव्हतं. माझी जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिली.

"आजारात लाजायचं काय?" असं मी वॉर्डात रोज पेशंटना दरडावायची. आणि त्या दिवशी फोटोचं पाकीट पदराखाली दाबून घरी आले, चोरीचा माल आणावा तसं. शिकवलेलं सगळं फोर्टातच राहिलं.

आईला सांगितलं. तिने आधी दाराला कडी घातली. "भायर खंय बोलू नको. धाकटेचा लगीन व्हवचा आसा."

"बाबांना तरी सांगू?"

"नको. तेंच्या तोंडात तीळ भिजना नाय."

मग मी सगळ्यांना एवढंच सांगितलं की व्हिसा मिळाला नाही. कारण मी दिलं नाही, म्हणून ते चाळीने शोधून काढलं. पोलीस आला होता, बाप तुरुंगात गेला होता. मराठी पोरीला मुद्दाम अडवलं, दुसरं काय! चिटणिसांनी पुन्हा स्टेज बांधलं. "बापाने तुरुंग सोसला, लेकीने परदेश गमावला!" असं ते गरजले आणि खालून "झालाच पाहिजे"चा गजर उठला. या खेपेचा हार आधीच्यापेक्षा जाड होता. तोंड उघडायचा अवकाश होता. मी आईकडे पाहिलं, तिने हळूच नकारार्थी मान हलवली. मी हात जोडून उभी राहिले. लाजेने कान तापले होते. लोकांना तो माझा विनय वाटला.

बाबा या वेळी पहिल्या रांगेत नव्हते. मागे नळाजवळ उभे होते. घरी आल्यावर त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "माझ्यामुळां तुझां गेलां गो बाय. मी गप घराक रवलंय असतंय तर..."

तुरुंगातून सुटून आले तेव्हा हाच माणूस सगळ्या चाळीला हात करत जिना चढला होता. आयुष्यात त्यांनी मिरवावं असं तेवढंच एक. तेही माझ्यापायी त्यांना नकोसं व्हावं, हे मला सोसेना. आई डोळे वटारत असतानाच मी सांगून टाकलं, "बाबा, तुरुंगाचा काही संबंध नाही. माझ्या छातीत डाग निघाला. जुना आहे, भरलेला. मला काही झालेलं नाही."

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल.

"जुनो म्हंजे कदीचो?" त्यांनी विचारलं.

"लहानपणीचा असेल," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी जीभ चावली. "नाहीतर वॉर्डातच लागला असेल. आम्हा नर्सना लागतो."

ते पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. मी अगदी लहान असताना बाबा खोकल्याने कितीतरी महिने अंथरुणाला खिळले होते. त्या आजाराचं नाव घरात कधी कुणी घेतलं नाही. मी त्यांच्याच कुशीत झोपायची, त्याशिवाय मला झोप यायची नाही, असं आई कौतुकाने सांगायची. आता तीच आई स्टोव्हकडे तोंड करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर त्यांनी आपली ताटली आणि पेला खिडकीत वेगळा ठेवला. मी पोटतिडकीने समजावलं, की तुमचं कधीच बरं झालंय, याची काही गरज नाही, मी रोज हेच काम करते. ते बरं म्हणाले. पेला मात्र खिडकीतच राहिला.

हार घेऊन गप्प राहिले त्याची लाज मोठी, की खरं बोलले त्याची, हे मला अजून ठरवता येत नाही.

पुढे धाकटीचं लग्न झालं, मुलगा झाला. बारशाला बाळ सगळ्यांच्या मांडीवरून फिरलं. धाकटी त्याला बाबांकडे घेऊन गेली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि उंबऱ्याबाहेर जाऊन तिथूनच त्याला बघत राहिले.