लिहून देणारात मी नव्हते

वडिलांनी स्वतःच्या कमाईतून वरोऱ्यात बांधलेलं घर विकायचं ठरलं, तेव्हा मी एटापल्लीच्या शाळेत शिकवत होते. मोठ्या भावाचा फोन आला, "ये, तुई सही लागते." मी रजा टाकली आणि एसट्या बदलत गेले. आई, भाऊ आणि मी, तिघांचं घर. माझ्या वाट्यातून चंद्रपुरात दोन खोल्या घ्यायच्या, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. लग्न केलं नव्हतं, म्हणजे म्हातारपणाचं छप्पर काय ते तेवढंच.

रजिस्ट्री ऑफिससमोर दस्त लिहिणाऱ्याचं टेबल होतं. तो विक्रीचा कागद भरभर वाचून दाखवत होता. लिहून देणार, म्हणजे विकणारा: भाऊ. लिहून घेणार: गावातला एक किराणावाला. सगळ्यात खाली, मान्यता देणार: मी.

"मी विकणाऱ्यात काऊन नाई?" मी विचारलं.

"बाई, तुम्ही अन् आईनं हक्कसोड करून देल्ला नं भाऊले! घर त्याईच्या एकट्याच्या नावानं आहे. घेणाऱ्याले धास्ती, उद्या बहीण भांडाले आली तं? म्हणून तुमची मान्यता."

त्यानं हक्कसोडाची नक्कल पुढं सरकवली. आईचा अंगठा होता आणि खाली माझी वळणदार सही. वडील गेले त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची. भाऊबीजेचं ओवाळून झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला होता, "वारसाची नोंद कराची आहे, चाल." आमच्याकडे भावानं पुढं केलेला कागद बहीण वाचत नाही. वाचला तर भावावर संशय घेतला म्हणतात. एटापल्लीत अर्ध्या गावाला कोर्टाचे कागद वाचून दाखवणारी मी, त्यानं बोट ठेवलं तिथं सही करून मोकळी झाले. रजिस्ट्रीच्या साहेबांनी विचारलं होतं, "समजून सही केली ना?" भाऊ शेजारीच उभा होता. मी हो म्हटलं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी भावाकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "तुले पगार आहे. मले का आहे?" असा संताप आला की टेबलावरची शाईची गादी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर मारावीशी वाटली.

आई बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्याजवळ गेले. "आई, यानं आपल्या दोघींले फसवलं. तुया अंगठा घेतला, माई सही घेतली."

आईनं पदर सारखा केला. "मले नाई फसवलं. मीच म्हटलं त्याले, तिले सांगू नको. मास्तरीण आहे, वाचत बसन. वाचलं तं सही नाई करन."

फार एकटं वाटलं. परत टेबलाशी जाऊन मी सांगितलं, मान्यता देत नाही. किराणावाल्यानं तिथंच आणलेल्या पैशांची पिशवी उचलली. भाऊ ओरडू लागला, लोक जमले.

मी स्टँडकडे निघाले. मागून आईनं हाक मारली, "अवं, डबा आणला तुयासाठी. जेवून तं जा."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या हाकेला ओ दिली नाही.