बोडी कोणाच्या ताब्यात?

तीस वर्षं तालुक्याच्या एका ऑफिसात कारकुनी केली. फायली रेकॉर्ड रूमला जातात, किस्से कोणी जमा करून घेत नाही. ते आपल्याबरोबरच रिटायर होतात. हे सगळे एकाच फाइलचे.

*

अनुसयाबाई गावच्या बोडीत, म्हणजे लहान तलावात, वीस वर्षं ठेकेदाराचे शिंगाडे मजुरीनं काढायच्या. मग बायकांचा गट करून त्यांनी बोडीच ठेक्यानं मागितली. साहेबांनी अर्ज उलटूनपालटून पाहिला. "मिस्टर कुठं आहेत?"

"घरी हायेत. त्याहिले पोहता नाही येत."

*

स्थळपाहणीला पाच पंच, पाचही पुरुष. पाणी किती खोल, यावर झाडाखाली अर्धा तास वाद. शेवटी अनुसयाबाई लुगडं खोचून मधोमध गेल्या, गळ्यापर्यंत बुडाल्या. "लेहा, बाबूजी."

मी लिहिलं, 'पंचांनी समक्ष खोली पाहिली.' पाच सह्या घेतल्या. अनुसयाबाईंची सही लागत नव्हती.

*

शिंगाडा लागवडीचं ट्रेनिंग निघालं. पत्रं कुटुंबप्रमुखांना गेली. पत्ते मीच लिहिले होते. नवरे आले, जेवले, सर्टिफिकेट घेऊन गेले. घरी जाऊन अनुसयाबाईंच्या मालकांनी बायकोला शिकवलं, "शिंगाड्याले काटे राहतात म्हने."

बाईंनी हे मला ऑफिसात सांगितलं आणि टेबलावर दोन्ही हात ठेवले. बोटं पाहून मी चहा मागवला. दुसरं काय करणार?

*

ठेकेदाराचा आक्षेप आला. खोल पाण्यात महिलांच्या जिवाला धोका आहे, सबब बोडी गटाला देऊ नये. साहेब गंभीर झाले.

अनुसयाबाई म्हणाल्या, "मजुरीनं उतरलो तं पानी उथळ होते काय, साहेब?"

साहेबांनी पुढची तारीख दिली. तशा तारखा दोन पावसाळे चालल्या. बायका त्याच बोडीत त्याच ठेकेदाराची मजुरी करत राहिल्या.

*

अखेर आदेश निघाला. ताबा द्यायला आम्ही बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे. फोटोवाला होता, हार होता, नवे शर्ट घालून नवरे होते. बायका कमरेएवढ्या पाण्यात शिंगाड्याचे वेल लावत होत्या.

"बाई, बाहेर या," साहेब ओरडले. "ताबा घ्यायचाय ना?"

अनुसयाबाईंनी हातातला वेल पायाच्या अंगठ्यानं चिखलात नीट दाबला. "घेऊनच राहिलो, साहेब. कागद इकडं आना."

साहेबांनी आपल्या बुटांकडं पाहिलं. मग आदेश माझ्या हातात दिला. "टपाल तुमच्याकडं ना?"

मी पॅन्ट दुमडू लागलो.