सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

काका म्हणजे अंगाने काडी. पाणबुडीच्या ज्या टाकीत दुसरा कुणी शिरू शकत नसे, तिथलं वेल्डिंग हटकून त्यांच्या गळ्यात पडे. आत जाताना प्रत्येकाने टाकीच्या तोंडाशी लावलेल्या फळीवर आपला पितळी बिल्ला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर काढायचा. एक जरी बिल्ला उरला, तरी झाकण बंद होत नसे.

एकदा काका आपला सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला फळीवरच विसरून तसेच घरी गेले. फोरमन धापा टाकत दारात आला. "इथे मजेत जेवतोयस होय रे? तिकडे चाळीस माणसं तुझ्यासाठी टाक्या धुंडाळतायत." काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशा पाच पाणबुड्या बांधून झाल्या. पाचवीचा खर्च ठरल्यापेक्षा दुपटीवर गेला, तेव्हा सहावी कागदावरच राहिली आणि काका बिल्ल्यासकट घरी बसले. बायको आधीच वारली होती. त्यांनी दाराबाहेर खिळा ठोकला. "बिल्ला दिसला की मी आत आहे असं समजायचं," त्यांनी शेजारणीला बजावलं.

परवा ते बिल्ला मुद्दाम खिळ्यावरच ठेवून सकाळी बाहेर पडले. बघू, कोण शोधतंय. दिवसभर बागेतल्या बाकावर बसले. संध्याकाळी जिना चढून आले, तर बिल्ला जसाच्या तसा. त्याला हात लावतात तोच शेजारीण दार उघडून म्हणाली, "काय काका, दिवसभर आतच? आता निघालात वाटतं कुठे?"

"हो, जरा पाय मोकळे करून येतो," काका म्हणाले. बिल्ला खिशात टाकून ते दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा जिना उतरू लागले.