मालनबाईची दहा दिवसांची हजेरी

पाथर्डी तालुक्यातल्या बोरखडक वस्तीवर मालनबाईला चकवणं सोपं नव्हतं. पंधरा वर्षं ती वस्तीची आशाताई होती. कुणाच्या घरी पाळणा हलणार हे सासूच्या आधी तिला कळायचं, आणि अंगणवाडीत लसीचा दिवस असला की कोणतं पोर कुठं दडवलंय हेही. एकदा एका आजीनं सांगितलं, नातू मामाच्या गावाला गेलाय. मालनबाई वाद घालत बसली नाही. ओट्यावर टेकली आणि मोठ्यानं म्हणाली, "बरं झालं गेला ते. आज अंगणवाडीत शेंगदाण्याचे लाडू हाईत, तेवढाच एक वाचला." नातू दीड मिनिटात मामाच्या गावाहून परत आला, बाजेखालून.

अंगानं ती काटकुळी, बोलणं सावकाश, खांद्याला रजिस्टरांची फुगलेली पिशवी. चहाला कधी नाही म्हणायची नाही. का, तर कपभर चहा संपेपर्यंत माणूस पाहुण्याला हाकलत नाही आणि तेवढ्यात आपलं काम होतं, असा तिचा हिशेब.

अशा मालनबाईला अजिनाथनं लागोपाठ दोन महिने चकवलं.

अजिनाथ तिशीतला गडी. दावणीला चार जर्शी गाई, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. त्याची मुलगी धनश्री नऊ महिन्यांची झाली तसा तिचा गोवराचा डोस आला. पहिल्या महिन्यात लसीच्या दिवशी तो पोरीला गाडीवर पुढं घेऊन शेवगावला बहिणीकडं निघून गेला. दुसऱ्या महिन्यात लसीचं कार्डच सापडेना. त्याच्या बायकोनं, ज्योतीनं, सगळं घर पालथं घातलं. आठ दिवसांनी कार्ड सापडलं ते सरकी पेंडीच्या पोत्यात. गाईनं तर ते तिथं ठेवलं नसणार.

ज्योती बारावी शिकलेली होती आणि तिला पोरीला लस द्यायची होती. त्यावरून नवरा-बायकोत रोज खटके उडायचे. मालनबाई चहाला आली की ते खटके तिच्यासमोर उडायचे.

"गोवर काय नवा हाय का काकू?" अजिनाथ म्हणायचा. "मला झाला, माझ्या बापाला झाला. अंगावर निघतो, आठ दिवसांत जातो. मी काय मेलो का?"

"तुमच्या धाकट्या चुलत्याचं काय झालं ते सांगा की," ज्योती चुलीपुढून म्हणायची. "सासूबाईंनी सांगितलंय मला."

"त्या काळात दवाखाने न्हवते."

"आणि आता दवाखाना हाय तर तुमी जाऊ देत न्हाई."

मग अजिनाथ आपला हुकमाचा पत्ता टाकायचा. "हे बघा काकू, वस्तीतल्या सगळ्या पोरांना टोचलंय ना तुमी? मग रोग येणार कुठून? माझ्या एकट्याच्या पोरीचं राहिलं तर काय आभाळ कोसळतंय?"

मालनबाई बशीतला चहा फुंकत राही. असल्या माणसाला सरळ उत्तर दिलं की तो आणखी दोन प्रश्न काढतो, हे तिला पाठ होतं.

एक दिवस पिठाच्या गिरणीवर ज्योतीनं तिला बाजूला घेतलं. "काकू, हे डेअरीला गेल्यावर मी पोरीला गुपचूप आणते. टोचून टाकू. कळायचंसुद्धा न्हाई."

मालनबाईला क्षणभर मोह झाला. चोरून कामं करायची तिला जात्याच आवड. पण मान हलवून ती म्हणाली, "न्हाई बाई. पोरीला ताप आला तर त्याला कळणारच. मग तो माझं तर ऐकायचा न्हाईच, तुझंबी ऐकायचा न्हाई. आन दुसरा डोस बाकी हाय पुढं. त्याला काय पुन्हा डेअरीला धाडायचं?"

तेवढ्यात पलीकडच्या गावात दोन पोरांना गोवर निघाल्याची बातमी आली, आणि मालनबाईची झोप उडाली. अजिनाथच्या घराला लागून आबासाहेबांचं घर होतं. म्हातारा सत्तरीचा, मिश्कील. त्यांच्या घरात दोन महिन्यांचा नातू होता. धनश्री रांगत रांगत दिवसातून चारदा त्यांच्या अंगणात जायची आणि पाळण्याला धरून उभी राहायची. नातवाला गोवराची लस नऊ महिन्यांशिवाय मिळणार नव्हती. तोवर त्याची राखण आजूबाजूच्यांनीच करायची होती.

मालनबाई आबासाहेबांकडं गेली. दोघं अर्धा तास कुजबुजली. बाहेर निघताना म्हातारा मिशीत हसत होता आणि मालनबाई पदरात.

त्या गुरुवारी वस्तीवर जनावरांचे डॉक्टर लंपीची लस द्यायला आले. मारुतीच्या देवळापुढं गाई-बैलांची रांग लागली. सगळ्यांत पुढं अजिनाथ. तीन वर्षांपूर्वी लंपीनं त्याची दुभती गाय गेली होती, तेव्हापासून या लसीला तो पहाटेच नंबर लावायचा. त्याच्या चारही गाई टोचून झाल्या. आबासाहेब मात्र रिकाम्या हातानं कट्ट्यावर तंबाखू मळत बसलेले.

"आबा, तुमची गाय कुठं हाय?" अजिनाथनं विचारलं.

"हाय गोठ्यात. तिला न्हाई टोचायचं. गाठी येतात, दूध आटतं म्हणं."

"एक-दोन दिवस आटतं, पुन्हा येतं की."

"राहू दे. सगळ्या वस्तीच्या गाई टोचल्या ना? मग रोग येणार कुठून? माझ्या एकट्याच्या गाईचं राहिलं तर काय आभाळ कोसळतंय?"

अजिनाथ असा भडकला की डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. तो बोलतच सुटला. तुमची गाय आणि माझी गाय एकाच बांधाला चरतात. तुमच्या गाईवर बसलेली माशी माझ्या गाईवर बसते. माझी कालवड आठ दिवसांची हाय, तिला अजून लस चालत न्हाई, तिनं काय करावं? आपलं जनावर म्हणजे काय आपल्या एकट्याचं असतं का? लोक जमले. दोघातिघांनी माना डोलावल्या. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या मालनबाईनं पिशवीतून रजिस्टर काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"अजिनाथ, जरा सावकाश सांग बाबा," ती म्हणाली. "ते कालवडीचं लई चांगलं बोललास. मला उतरून घ्यायचंय, घरोघर सांगायला. फक्त गाईच्या जागी लेकरू लिहिलं तर चालंल का?"

आधी एक बाई हसली, मग सगळी वस्ती हसली. आबासाहेब उठले, धोतर झटकत म्हणाले, "पटलं गड्या मला. गाय घेऊन येतो. तू धनश्रीला घेऊन येतोस का?"

अजिनाथ गाई घेऊन निघून गेला. मालनबाईला वाटलं, जिंकलं. घरी जाऊन तिनं स्वतःसाठी जास्त साखरेचा चहा टाकला.

तो पिऊन होतो तोच ज्योती दारात. चेहरा उतरलेला. "काकू, काय करून बसलात? काल रात्री जरा नरमले होते. 'बघू पुढच्या मंगळवारी' म्हणाले होते. आता म्हणतात, मेलो तरी टोचू देणार न्हाई. चार लोकांत त्यांना खाली बघायला लावलंत तुमी."

मालनबाईनं रिकामा कप खाली ठेवला. एवढ्या वर्षांत तिच्या खोड्यांनी माणसं हसली होती, रागावली होती, पण वळली होती. ही खोडी उलटी फिरली होती.

दुसऱ्या दिवशी ती अजिनाथच्या गोठ्यात गेली. पिशवी घरीच ठेवली होती. तो धार काढत होता. वर बघितलं नाही. मालनबाई बादलीशेजारी खाली बसली.

"आबांना मीच शिकवून बसवलं हुतं," ती म्हणाली. "चुकलं माझं. तुझं हसं करायचं न्हवतं."

अजिनाथ धार काढता काढता बोलला. "मागच्या टायमाला, साडेतीन महिन्यांची असताना टोचलं. मांडीला ही गाठ आली. दुपारी पोरगी तापली, डोळे फिरवल्यागत केलं तिनं. ज्योती माहेरी गेल्ती एका दिवसासाठी. मी एकटा. तुमाला सात फोन लावले काकू. सात."

मालनबाईला आठवलं. त्या दिवशी ती भिंगारला पुतणीच्या लग्नात होती. फोन पर्समध्ये, पर्स खोलीत. परत आल्यावर पोरगी खेळत होती, म्हणून तिनं विचारलंही नव्हतं. रजिस्टरात मात्र भेट दिल्याची खूण होती.

"गाडीवर एका हातानं पोरगी छातीला धरून पाथर्डीला गेलो," अजिनाथ म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, काय न्हाई, ताप हाय, उतरंल. उतरला. पण त्या रस्त्यानं मला वाटलं हुतं, संपलं सगळं. हे मी ज्योतीलाबी सांगितलं न्हाई."

ज्योती गोठ्याच्या दारात उभी होती. तिनं आता ऐकलं. तिनं आत येऊन दुधाची भरलेली बादली त्याच्या हातून घेतली.

"भेट न देता खूण केली मी," मालनबाई म्हणाली. "पुन्हा असं हुणार न्हाई. या बारीला टोचल्यावर मी तुझ्या घरी बसते. ताप जाईस्तोर."

"बसाल?"

"बसते. पण खरं सांगते, फसवायचं न्हाई. या लसीचा ताप आलाच तर आठ-दहा दिवसांनी येतो."

अजिनाथनं पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांत जुनी खोड चमकली. "मग दहा दिवस यायचं."

मंगळवारी तो धनश्रीला स्वतः कडेवर घेऊन अंगणवाडीत आला. नर्सबाईंना डब्यातला बर्फ दाखवायला लावला, बाटलीवरची तारीख वाचली, सुई नवी आहे ना म्हणून तीनदा विचारलं. पोरगी रडली. तिच्यापेक्षा बापाचं तोंड जास्त वाकडं झालं.

आणि मालनबाईची हजेरी सुरू झाली. रोज चार वाजता अजिनाथ बाज टाकून वाट बघत असे. चहा द्यायचा, पण कप रिकामा झाला की लगेच दुसरा, म्हणजे तिला उठता येऊ नये. मग मोबाईल काढून लसीविरुद्धचे व्हिडिओ एकेक करून दाखवायचा आणि वर विचारायचा, "याला काय उत्तर हाय?" मालनबाई उत्तर द्यायची. एखादं येत नसलं की सरळ म्हणायची, "हे मला माहीत न्हाई, डॉक्टरांना विचारून सांगते," आणि दुसऱ्या दिवशी विचारून सांगायची. पाचव्या दिवसापासून आबासाहेबही नातवाला मांडीवर घेऊन येऊ लागले, तमाशा बघायला.

नवव्या दिवशी धनश्रीचं अंग थोडं कोमट लागलं. अजिनाथनं थर्मामीटर लावला, शंभरच्या जरा वर. त्यानं मालनबाईकडं बघितलं. तिनं थेंबाथेंबाचं औषध दाखवलं, किती द्यायचं ते त्याच्याच हातानं मोजायला लावलं. संध्याकाळी पोरगी पुन्हा आबासाहेबांच्या अंगणात रांगत होती.

अकराव्या दिवशी मालनबाई गेली नाही. पाय दुखत होते, आणि एवढा चहा पिऊन पित्तही झालं होतं.

त्या हंगामात पलीकडच्या गावात आणखी सहा पोरांना गोवर निघाला, बोरखडकला एकालाही नाही. हे लसीमुळं झालं की देवीच्या कृपेनं, यावर ज्योती आणि अजिनाथचं अजून एकमत झालेलं नाही. दुसऱ्या डोसाची तारीख मात्र अजिनाथनं गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवली आहे, लंपीच्या तारखेखाली.