पाटीवर लिहिलेला होकार

सतराव्या वर्षी मी तमिळ मुलखातल्या कुंभकोणच्या त्या मराठी घरात सून म्हणून आले, तेव्हा माझ्यासोबत पितळेची भांडी आली आणि एसएसएलसीला, म्हणजे मॅट्रिकला, इंग्रजीत नापास झाल्याचा कागद आला. भांडी सासूबाईंनी माळ्यावर चढवली. कागद मामंजींनी उचलला.

मामंजी, म्हणजे सासरे, उभा जन्म इंग्रजी शिकवून नुकतेच घरी बसले होते. शिकवायला कुणी उरलं नव्हतं, तेवढ्यात घरात आयती नापास मुलगी आली. माझा नवरा मद्रासला नोकरीवर होता, महिन्यातून एकदा यायचा. सप्टेंबरात हिला पुन्हा बसवू, पास झाली तर शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवू, असं मामंजींनी सासूबाईंना सांगितलं. मला नाही सांगितलं. आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे आणि सासराही सुनेला थेट काही म्हणत नसे. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट आहे, हसू नका.

मला मात्र ट्रेनिंग हवं होतं. इतकं हवं होतं की रात्रंदिवस मी मनातल्या मनात खडू हातात धरून फळ्यासमोर उभी असायची. हे मी कुणालाही सांगितलं नाही. न सांगणं म्हणजे शहाणपण, अशी माझी समजूत होती.

शिकवणी अशी चाले. मामंजी तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर बसून खांबाकडे तोंड करून धडा सांगत. मी दाराआड बसून पाटीवर लिही आणि पाटी उंबऱ्यावरून पलीकडे सरकवी. ते दुरुस्त करून ती परत सरकवत. समजलं का, असं खांबाला विचारलं की मी बांगड्या वाजवायची. न समजताही वाजवायची.

माझं घोडं अडलं ते 'ईच अदर'पाशी. आपल्या 'एकमेकांशी'मधला 'शी' शेपटीसारखा मागे येतो. इंग्रजीत तो पुढे उभा करायचा. बोलायचं असेल तर आधी 'टु', बघायचं असेल तर 'ॲट', विसंबायचं असेल तर 'ऑन'. पण मदत करायची किंवा भेटायचं असेल तर मधे कुणीच नको. मी नेमकं उलटं करी. मदतीत 'टु' घुसवी आणि बोलण्यातला गाळी. मामंजींनी खांबाला शंभरदा बजावलं असेल. खांब पास झाला असता.

मग त्या उन्हाळ्यात चमत्कार झाला. माझ्या चुका थांबल्या. पाटी जशी जाई तशी परत येई, वर कोपऱ्यात बरोबरची खूण. दोन महिने एकही दुरुस्ती नाही. मी अशी फुगले की विहिरीवर पाणी ओढतानासुद्धा स्वतःशी इंग्रजीत बोलू लागले.

सासूबाईंना हे पटत नव्हतं. पोरीला गोडी नाही, तुम्ही बळंच डोक्यावर बसवलंय, असं त्या रोज मामंजींना ऐकवत. मी स्वयंपाकघरात ते ऐकत असे आणि सांबारात चिंच कोळत असे.

जुलैत परीक्षेचा फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस आला. सासूबाई सकाळीच पट्टीश्वरमला देवीच्या दर्शनाला गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच. मामंजी आत आले, स्वयंपाकघराच्या दारापलीकडे उभे राहिले, आणि त्या दिवशी खांबाकडे न बघता बोलले.

"पोरी, तुज परीक्षेस बसायचं आहे का?"

मी बांगड्या वाजवल्या.

"बांगडीचं काम नाही. ती हो म्हणते आणि तुज काही समजलेलं नसतं, हे मज ठाऊक आहे. तुझी सासू म्हणते मी बळजोरी करतो. तुझ्या तोंडचा एक शब्द ऐकू दे, मी आत्ता फॉर्म नेऊन देतो."

एक शब्द. हो. तो मराठीत आहे, तमिळमध्ये आहे, इंग्रजीतही आहे. मला तिन्ही येत होते. मी पाटी घेतली. नुसतं हो लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण मला अक्कल दाखवायची होती. मी लिहिलं की आपण एकमेकांशी कधी बोललो नाही, तरी मला परीक्षेला बसायची फार इच्छा आहे. 'टु' बरोबर जागी घातला. पाटी सरकवली आणि शाबासकीची वाट बघत बसले.

मामंजींनी पाटी उचलली, नाकाशी नेली, उजेडाकडे धरली. मग तिच्यावरून अंगठा फिरवला, जसं कोरी आहे का ते चाचपावं. माझं अर्धं वाक्य पुसलं गेलं. कोपऱ्यात त्यांनी बरोबरची खूण केली.

तेव्हा मला कळलं. दोन महिने त्यांना पाटीवरचं काहीच दिसत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि त्यांनी तो घरात कुणाला कळू दिला नव्हता.

"लिहू नको, पोरी. बोल."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. घशातून काही आलं नाही. लोक म्हणतात मनात वादळ होतं वगैरे. कसलं वादळ? लाकूड झालं होतं माझं. ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बरं. तुझी इच्छा नाही तर नाही." फॉर्मची घडी घातली आणि जाऊन तिण्णैवर बसले. संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, तुझंच खरं. सासूबाईंनी माझं कौतुक केलं. सासऱ्यासमोर तोंड न उघडणारी सून, असं गल्लीभर सांगितलं.

पुढच्या वर्षी मामंजींची नजर पार गेली. इंग्रजी पेपर वाचून दाखवायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सासूबाईंनीच रीत मोडली. मग रोज सकाळी, सुरुवातीला मांडीवर माझी तान्ही मुलगी घेऊन, मी त्यांना मोठ्यानं पेपर वाचून दाखवायची. सात वर्षं. एवढं बोलले मी त्यांच्याशी, सगळं दुसऱ्यांचं लिहिलेलं. ते फक्त उच्चार सुधारत.

एकदा मधेच त्यांनी विचारलं, "एवढं चांगलं वाचतेस. तेव्हा का नको म्हणालीस?"

होकार पाटीवर होता आणि त्यांनीच तो पुसला, हे कळून त्यांच्या जिवाला लागू नये म्हणून मी गप्प राहिले, असं नातींना सांगते. थाप आहे. मला गप्प बसायची सवय लागली होती, इतकंच. मी पान उलटलं आणि तांदळाच्या भावाची बातमी वाचायला घेतली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.