डाव्या बाजूचे शब्द

"चित्र चुकीचं आहे."

मावशींचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की नुसतं आठवलं तरी कपाळावर आठी पडते. डाव्या हाताने चष्मा वर सरकवायचा, उजव्या हाताचं बोट कार्डावर ठेवायचं आणि निकाल द्यायचा. अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी त्यांची सहशिक्षिका होते. सहशिक्षिका हे सांगायला. प्रत्यक्षात मी खुर्च्या लावणारी, चित्रांची कार्डं छापून आणणारी आणि मावशींना घरून आणून परत घरी सोडणारी बाई होते.

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी चित्रं शोधायची, छापायची, त्यांना प्लॅस्टिक लावून घ्यायची, आणि मावशींनी ती एका नजरेत नापास करायची. "हा तांब्या नाही, फुलदाणी आहे." "ही सुपली नाही, कुणाची तरी टोपी आहे." उलथण्यावरून तर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी नागपूरची, आमच्याकडे त्याला सराटा म्हणतात. मी कार्डामागे तेच लिहिलं. मावशी पुण्याच्या. त्यांनी पोरांसमोर ते खोडून 'उलथणं' लिहिलं. मी म्हटलं, "मावशी, दोन्ही बरोबर आहे." "असेल," त्या म्हणाल्या, "नागपूरला."

आता अशा माणसाशी काय बोलणार? तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. वैताग याचाच येतो की त्यांच्याइतकं जीव ओतून काम करणारं दुसरं कुणी सापडत नाही, त्यामुळे सोडताही येत नाही.

मावशी गाडी चालवत नसत. "मला आवडत नाही," एवढंच सांगत, आणि शेजारच्या सीटवर बसून माझं ड्रायव्हिंग मात्र तपासत. खरं कारण मला काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी सांगितलं. मावशींना फिट यायच्या. हातपाय झाडत पडण्याच्या नव्हेत. पोटातून काहीतरी वर चढत यायचं, मग थोडा वेळ त्या असून नसल्यासारख्या व्हायच्या, नजर एका जागी थांबायची, ओठ काहीतरी चाखल्यासारखे हलायचे. भानावर आल्यावरही काही मिनिटं शब्द सापडायचे नाहीत.

मावशींच्या मते हे पित्त होतं. वर्षानुवर्षं त्या आमसुलाचं पाणी पिऊन अपस्मारावर इलाज करत होत्या. डॉक्टरांच्या गोळ्याही घ्यायच्या, पण काकांवर उपकार म्हणून. मी एकदा चिडून म्हटलं, "मावशी, इथल्या एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी अपस्मार म्हटलंय."

"त्यांना पित्त माहीतच नाही," मावशी म्हणाल्या. "ते तरी काय करतील बिचारे."

मग शाळेच्या चकल्यांचा दिवस आला. कम्युनिटी सेंटरच्या स्वयंपाकघरात मावशी कढईपाशी उभ्या होत्या, मी सोऱ्या धरून बाजूला. झारा तेलात तसाच राहिला आणि त्यांचा हात त्याच्यामागोमाग हळूहळू खाली जाताना मला दिसला. मी ओढेपर्यंत बोटं भाजली होती. मावशी माझ्याकडे शांतपणे बघत होत्या, जणू भाजलंय ते दुसऱ्याच कुणाला. त्या दिवसानंतर पित्ताचं नाव जरा कमी झालं, आणि तपासण्यांना त्या तयार झाल्या.

ही तपासणी म्हणजे एक गंमतच असते. दवाखान्यात ठेवून घेतात, डोक्याला तारा चिकटवतात, मेंदूतली वीज सतत नोंदवत राहतात, समोर कॅमेरा लावतात, फिट आली की दाबायला सोबतच्या माणसाजवळ एक बटण देतात, गोळ्या कमी करत आणतात आणि फिट येण्याची वाट बघतात. ती कुठून सुरू होते हे नोंदीत पकडलं गेलं, तरच पुढे ऑपरेशनचा विचार. जन्मभर आगंतुकासारखी येणारी ती फिट आता आमंत्रण दिल्यावर काही येईना. मावशींनी कारणही शोधून काढलं. "इथल्या जेवणात ना तेल, ना तिखट. पित्त होणार कसं?" आणि मला फोन करून ठेचा आणायला सांगितला. मी घेऊनही गेले. माझ्या शहाणपणाबद्दल तुम्हाला काय वाटायचं ते वाटो.

रविवारी मावशींनी दवाखान्यातूनच वर्ग घ्यायचं ठरवलं. मी नको म्हटलं, काका नको म्हणाले, त्यामुळे ते नक्कीच झालं. इकडे आमच्या वर्गात पडद्यावर मावशी, डोक्याला पांढरं बँडेज, त्यातून निघालेल्या रंगीबेरंगी तारांची वेणी, कपाळावर टिकली व्यवस्थित. पोरांनी विचारलं, हे काय? "माझ्या मेंदूतली वीज मोजतायत," मावशी म्हणाल्या. "आता परातीचं कार्ड काढा."

परातीवर बोलता बोलता मावशी थांबल्या. पडदा स्थिर. मी वैतागून राउटरकडे धावले. या सेंटरचं वायफाय नेहमीचंच रडकं.

"वायफाय इज फाइन," पहिल्या रांगेतून आवाज आला. "शी इज बफरिंग."

"म्हणजे?"

"शी डझ दॅट, लाइक, ऑल द टाइम. यू जस्ट वेट."

मी वळून पाहिलं. मावशींचे ओठ हलत होते. डावा हात चादर चिवडत होता. आम्हा मोठ्यांना जी त्यांची करडी नजर वाटायची, तिला पोरांनी केव्हाच नाव ठेवलं होतं आणि शहाण्यासारखं वाट बघणंही शिकून घेतलं होतं. मी ओरडले, "काका, बटण दाबा!" काका खुर्चीत डुलक्या घेत होते. मग सगळा वर्गच ओरडायला लागला. काका दचकून उठले आणि त्यांनी जे हाताला लागलं ते दाबलं. टीव्ही सुरू झाला.

तरी नर्स धावत आलीच, तिला बाहेर मशीनवर दिसलं होतं. तिने मावशींसमोर पेन धरलं आणि विचारलं, हे काय आहे? मावशी बघत राहिल्या. पेन काय आहे हे त्यांना कळत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं, पण शब्द येत नव्हता. आमच्या पोरांना ते बघवेना. "लेखणी, मावशी, लेखणी!" अख्खा वर्ग तिथून कॉपी पुरवायला लागला. नर्सने लॅपटॉप बंद केला, आणि मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला.

डॉक्टरांना भेटायला मावशींना मीच घेऊन गेले. काकांना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं, पण दवाखान्यात त्यांना ऐकू येणं बंद होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश समजावत होत्या. फिट डाव्या बाजूने सुरू होते असं नोंदीत दिसतंय. एमआरआयमध्येही डाव्या कानाच्या आतल्या बाजूला, आठवणी सांभाळणारा एक छोटा भाग सुकलेला दिसतोय. दोन्ही तपासण्या एकाच जागेवर बोट ठेवतायत, त्यामुळे तेवढा भाग काढला तर फिट थांबण्याची आशा चांगली आहे.

मावशींनी चष्मा वर सरकवला. मी मनात म्हटलं, नको, इथे तरी नको.

"द पिक्चर इज राँग," मावशी म्हणाल्या. "सुकलेला भाग उजवीकडे आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या. हे फोटो पेशंट आपल्यासमोर आहे असं धरून बघायचे असतात, त्यामुळे तुमची डावी बाजू चित्रात उजवीकडे येते, असं त्यांनी सांगितलं आणि कडेचं छोटं अक्षर दाखवलं. "मग ते मोठं लिहा," मावशी म्हणाल्या. "उद्या कुणी भलतीकडे कापलं तर?" मी जमिनीकडे बघत होते.

मग बाईंनी दुसरी बाजू सांगितली. मावशींचे शब्दही डावीकडेच राहतात. ऑपरेशननंतर वस्तूंची, माणसांची नावं आठवायला जड जाऊ शकतं. किती, ते आधी सांगता येत नाही.

परतताना गाडीत मावशी एकदाही माझ्या ड्रायव्हिंगवर बोलल्या नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "कुठले जातील, ते सांगतात का?"

"काय कुठले?"

"शब्द गं. कुठले जातील?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काय करावं? शाळेतला कार्डांचा खोका घरी नेला आणि पाठांतर सुरू केलं. काका समोर बसून एकेक कार्ड धरायचे आणि मावशी धडाधड नावं सांगायच्या. रवी, सांडशी, चाळण, पाटा, खुंटी. चित्रं कमी पडली तेव्हा मला आणखी करायला लावली. मला राहवलं नाही. "मावशी, ही काय दहावीची परीक्षा आहे? मेंदूचा तुकडाच काढणार, तर पाठांतर राहणार कुठे?"

"पक्कं केलेलं जात नाही," मावशी म्हणाल्या.

मी कार्डं आपटली. डोकंच फिरलं होतं माझं. मावशींनी ती गोळा केली, कडा जुळवल्या, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "मला भीती वाटते गं. फिट येऊन गेली की थोडा वेळ तसं होतंच. चमचा हातात असतो आणि चमचा म्हणता येत नाही. कायमचं तसं झालं तर मी करू काय?"

"मग नका करू ऑपरेशन."

"मुलाकडे बॉथेलला सून बाळंत होणार आहे. मुलगा म्हणाला, आई, बाळ तुझ्याजवळ एकटं नाही ठेवता येणार. रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते."

मी पुढचं कार्ड धरलं.

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी मावशींनी स्वतःच मला बोलावलं, खोका टेबलावर मांडला आणि म्हणाल्या, घे परीक्षा. एकही चुकलं नाही. थोडा वेळ लागायचा, पण यायचं. उलथण्याचं कार्ड आलं तेव्हा 'उलथणं' म्हणून त्या थांबल्या, आणि "नागपूरला सराटा," असंही म्हणाल्या. मला रडू आलं. इतक्या वर्षांत मिळालेला माझा तो एकमेव विजय होता.

मी नाचायच्याच बेतात होते. काका चहा ठेवायला उठले तेव्हा मावशी म्हणाल्या, "अहो, हिला साखर कमी घाला." हिला. मावशींनी मला कधी 'ही' म्हटलं नव्हतं. त्या माझं नाव पूर्ण घ्यायच्या, प्रत्येक अक्षर स्वच्छ, वर्गात हजेरी घेतल्यासारखं. आणि मला जाणवलं की मी आल्यापासून ते त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं.

वर्गातली पोरं फुलं घेऊन भेटायला गेली तेव्हा मावशींनी सगळ्यांना जवळ घेतलं. कुणाला सोन्या म्हटलं, कुणाला राजा, कुणाला चिमणे. पोरं हरखून गेली. मावशी आधी एवढ्या गोड कधीच नव्हत्या, ऑपरेशन मस्त झालंय, असं त्यांनी घरी सांगितलं. तांब्यापासून खुंटीपर्यंत आम्ही सगळं पक्कं केलं होतं. माणसांची कार्डं मात्र आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचली नव्हती.

शाळा मावशींनी आपण होऊन सोडली. "चेहऱ्याकडे बघून हाक मारता येत नाही," म्हणाल्या, "मग बाई कसली मी?" मी खूप भांडले. उपयोग झाला नाही, कधी झाला होता? फिट मात्र थांबल्या त्या थांबल्याच. बॉथेलला नात झाली आणि मावशी-काका तिकडेच राहायला गेले. मुलगा आणि सून कामावर जातात, काका डुलक्या काढतात, आणि नात दिवसभर मावशींजवळ असते. तिला त्या बाळ म्हणतात. सगळेच बाळ म्हणतात, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात येत नाही.

फोन येतो अधूनमधून. उचलला की पहिलं माझं नाव, खणखणीत. समोर स्क्रीनवर बघून वाचतात, मला काय कळत नाही? मी आपली ओ देते.

परवा वाणसामान घेऊन दुकानाबाहेर गाडीपाशी आले तर अनोळखी नंबर. उचलला. पलीकडे कुणी बोलेना, नुसता लहान मुलाचा आवाज.

"मी बोलतेय," मावशी म्हणाल्या. "माझा फोन बाळाने पाण्यात घातला. हा मुलाचा. तुझा नंबर पाठ आहे मला."

"अरे वा, मावशी! ओळखलंत का मग, मी..."

"थांब. सांगू नकोस."

मी थांबले. मावशींनी सुरुवात केली. "तुझे वडील पोस्टात होते. तुझ्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत. तुला कारलं आवडतं, तुझ्या घरात दुसऱ्या कुणाला आवडत नाही. व्हिसा अडकला म्हणून तुला तुझ्या आईला शेवटचं भेटता आलं नाही. त्या रविवारी तू मला घ्यायला आलीस आणि आधी गाडीत बसून रडलीस. मी खिडकीतून बघत होते. तुझं आवरेपर्यंत मी खाली उतरले नाही."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पिशवीतली फ्रोझन मेथी पाणी सोडायला लागली होती. "सगळं बरोबर आहे, मावशी," मी कशीबशी म्हणाले.

"ते मला माहीत आहे," त्या खेकसल्या. "मध्ये बोलू नकोस."

मग त्या शोधत राहिल्या, आणि मी माझं नाव तोंडात धरून उन्हात उभी राहिले.